आग्र्याचा किल्ला पहिल्यांदा बघायला जाताना

आग्र्याला निघालेल्या मराठी माणसाच्या मनात बहुधा दोनच गोष्टी असतात, ताजमहाल आणि महाराजांची सुटका. किल्ल्याच्या वाट्याला मग उरलासुरला तासभर येतो, तोही दुपारी, पाय दुखत असताना. माझी पहिली भेट अशीच झाली होती. काय पाहिलं ते रात्री आठवेना. दुसऱ्या वेळी सबंध सकाळ किल्ल्याला दिली आणि तेव्हा कुठे तो उलगडायला लागला. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना तरी ती पहिली फेरी वाया घालवावी लागू नये, म्हणून हे लिहितोय.

जायचं कधी आणि कसं

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्सप्रेस आणि गोव्याहून येणारी गोवा एक्सप्रेस, तिन्ही गाड्या आग्रा कँटला थांबतात. दिल्लीत मुक्काम असेल तर निजामुद्दीनहून गतिमान एक्सप्रेस पावणेदोन तासांच्या आत आग्र्याला पोचवते. शहरात आता मेट्रो आहे आणि तिचं एक स्टेशन किल्ल्यापाशीच आहे. रिक्षावाल्याला मात्र नुसतं ‘किल्ला’ न सांगता ‘अमरसिंह गेट’ सांगा. पर्यटकांना आत जायला तोच दरवाजा आहे. किल्ल्याचा बराच मोठा भाग लष्कराकडे असल्यामुळे शहराकडे तोंड केलेला भव्य दिल्ली दरवाजा बाहेरूनच पाहावा लागतो.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. पण डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं दाट असतं की सकाळी किल्ल्यावरून ताज दिसतच नाही. म्हणून मी नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी सुचवेन. मे-जूनमध्ये लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर जाऊच नका, तो लाल दगड भट्टीसारखा तापतो. शुक्रवारी ताज बंद असतो, किल्ला उघडा असतो. दोन दिवसांचा बेत असेल तर शुक्रवार किल्ल्यासाठी ठेवावा.

किल्ला सूर्योदयाला उघडतो आणि सूर्यास्ताला बंद होतो. तिकीट पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावरून आधीच काढलं तर रांग टळते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तिकीट खिडकीवरचा फलक मात्र नीट वाचा. परदेशी पाहुण्यांचं शुल्क बरंच जास्त असतं, पण सार्क देशांतून आलेल्यांना, म्हणजे बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, पाकिस्तान अशा देशांच्या नागरिकांना, पुरातत्त्व खातं भारतीयांइतकंच शुल्क लावतं. तो फलक पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं. या वास्तूत त्यांचाही वाटा आहे, हे सरकारी खात्याच्या दरपत्रकानेच मान्य केल्यासारखं वाटलं.

पायात घट्ट बसणारे बूट घाला, कारण चढ गुळगुळीत झालाय. पाण्याची बाटली जवळ ठेवा. खाण्याचे पदार्थ हातात धरून फिरू नका, माकडं हिसकावून नेतात. वाटाड्या घ्यायचा असेल तर गळ्यात सरकारी ओळखपत्र असलेलाच घ्या आणि पैसे आधी ठरवा. निवांत बघायला तीन तास लागतात.

दरवाजातच पाच मिनिटं थांबा

आत शिरण्याआधी तटाकडे मान वर करून बघा. सुमारे सत्तर फूट उंचीचा तट, अडीच किलोमीटरचा घेर, बाहेरून खंदक. या जागी पूर्वी विटांचा बादलगढ होता. लोदी सुलतान इथे राहिले, १५२६ मध्ये तो बाबराच्या ताब्यात गेला, १५३० मध्ये हुमायूनचा राज्यारोहणाचा सोहळा आग्र्यातच झाला. आज दिसतो तो लाल दगडाचा किल्ला अकबराने १५६५ पासून सुमारे आठ वर्षांत बांधून घेतला. तटाच्या पोटात वीटकाम आहे आणि बाहेरून घडीव दगडाचं अस्तर.

अमरसिंह दरवाजाच्या दर्शनी भागावर निळ्या, पिवळ्या, हिरव्या झिलईच्या फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. घाईतली गर्दी त्यांच्याखालून निघून जाते. ते नीट पाहून ठेवा, लाहोरच्या गोष्टीत पुढे कामाला येतील. मग वाट काटकोनात वळते, दुसरा दरवाजा लागतो, पुन्हा वळण, आणि दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेला चढ सुरू होतो. रायगडाचा महादरवाजा चढून गेलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. शत्रूला सरळ धाव घेता येऊ नये, हत्तीला धडक मारायला जागा मिळू नये आणि वळणावर तो वरच्या माऱ्यात सापडावा, हेच गणित आपल्या गोमुखी बांधणीतही आहे. सपाट मुलखात आणि कातळावर त्याचं उत्तर वेगवेगळं निघालं, इतकंच.

दरवाजाला नाव मिळालं ते नागौरच्या अमरसिंह राठोडवरून. १६४४ मध्ये शाहजहानच्या भर दरबारात त्याने सलाबतखान या बादशाही सरदाराला ठार केलं आणि मग तोही मारला गेला.

नावांवरून एक आठवलं. दिल्लीच्या लाल किल्ल्याचा मुख्य दरवाजा लाहोरी दरवाजा आहे. लाहोरच्या जुन्या शहराला दिल्ली दरवाजा आहे. आग्र्याच्या किल्ल्याला दिल्ली दरवाजा, छत्रपती संभाजीनगरला दिल्ली दरवाजा आणि पुण्याच्या शनिवारवाड्यालाही दिल्ली दरवाजाच. ज्या गावाकडे वाट जाते त्या गावाचं नाव दाराला द्यायची ही जुनी रीत. दारांनी एकमेकांची नावं अशी अजून धरून ठेवली आहेत.

जहांगिरी महाल: इथेच सर्वात जास्त वेळ द्या

चढ संपला की उजव्या हाताला हिरवळ आणि तिच्यापलीकडे लाल दगडाची लांब इमारत दिसते. नाव जहांगिरी महाल असलं तरी ती अकबराच्या काळातली आहे. समोर एकाच दगडातून कोरलेला प्रचंड वाडग्यासारखा हौद आहे, जहांगिराचा, १६११ चा. उंची पाच फूट, आत-बाहेर उतरायला दगडातच पायऱ्या. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि महालातून भराभर पुढे जातात. तुम्ही तसं करू नका.

अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझल याने लिहून ठेवलंय की या किल्ल्यात बंगाल आणि गुजरातच्या सुंदर घाटांच्या पाचशेहून अधिक इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या बहुतेक नंतर पाडल्या गेल्या, काही शाहजहानने, काही इंग्रजांच्या लष्कराने. जहांगिरी महाल वाचला. त्यामुळे त्या वाक्याचा अर्थ आज समजून घ्यायचा तर इथेच.

मधल्या चौकात उभे राहा आणि छताखालचे आधार बघा. कमान जवळजवळ नाहीच. खांब, त्यावर तुळई, तुळईखाली पुढे झुकलेले कोरीव हस्त, वर रुंद छज्जा. दगडाचं काम, पण रचना सगळी लाकडाची. गुजरातच्या मंदिरांत आणि हवेल्यांत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्या हातांची ही सवय आहे. आपल्या वाड्यांच्या चौकात सागवानी खांबांवर आणि तुळयांवर जसं छप्पर तोललेलं असतं, तोच हिशेब इथे तांबड्या दगडात केलाय. हस्तांवर मोर आहेत, हत्ती आहेत. उत्तरेकडच्या दालनात छताला टेकू देणारे तिरपे दगडी वासे नागासारखे वळवळत वर जातात. मान दुखेपर्यंत बघावं असं ते काम आहे.

हे कारागीर कोण होते, त्यांची नावं काय, ते कुठेही कोरलेलं नाही. बांधकामावर कासीमखानाची देखरेख होती, एवढं नोंदीत आहे. छिन्नी धरणारे मात्र निनावी राहिले. म्हणून माझं सांगणं असं की इथे बादशहा थोडा बाजूला ठेवा आणि एखाद्या हस्तावर बोट फिरवल्यासारखी नजर फिरवा. (खरं बोट नको. चार शतकांच्या घामाने आणि तेलाने दगड काळवंडतो.)

खासमहाल आणि वाकलेली छपरं

जहांगिरी महालातून यमुनेच्या बाजूने पुढे गेलात की एकदम लाल संपून पांढरं सुरू होतं. अकबराचा नातू शाहजहान याने १६३० च्या दशकात आजोबांच्या इमारती उतरवून मकराण्याच्या संगमरवरात हा भाग नव्याने बांधला. समोर अंगुरी बाग, चार वाफ्यांची, मध्ये हौद. बागेची मांडणी इराणी परंपरेतली. पण खासमहालाच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या मंडपांची छपरं बघा. कडा मध्ये उंच आणि टोकांना खाली झुकलेल्या, पालथ्या होडीसारख्या. ही बंगालची झोपडी आहे. तिथल्या धुवाधार पावसात पाणी झटकन ओसरावं म्हणून बांबू वाकवून छप्पर शाकारतात, त्याचा हा आकार. कुणा कुणब्याच्या घराचं छप्पर बादशहाच्या शयनगृहाशेजारी येऊन सोन्याच्या मुलाम्याने मढलं. त्या घराला तिकडे ‘बांगला’ म्हणत, आणि आपल्या गावातला ‘बंगला’ त्याच शब्दातून आलाय.

गेल्या खेपेला इथे ढाक्याहून आलेलं एक कुटुंब भेटलं. त्यातल्या आजोबांनी नातीला छपराकडे बोट दाखवून बंगालीत काही सांगितलं. मी विचारलं तेव्हा मोडक्या हिंदीत म्हणाले, “हमारे गाँव का घर ऐसा था.” त्यानंतर बराच वेळ आम्ही तिथेच उभे होतो.

शेजारचा शीशमहाल बहुतेक वेळा बंद असतो, हिरमुसून जाऊ नका. पुढे मुसम्मन बुरूज. मुसम्मन म्हणजे आठ बाजूंचा. संगमरवरात रंगीत दगड बसवून केलेली फुलांची पच्चीकारी, मधोमध उथळ कारंजं, आणि समोर नदीच्या वळणापलीकडे ताज. १६५८ मध्ये औरंगजेबाने बापाला किल्ल्यात नजरकैदेत टाकलं. जानेवारी १६६६ मध्ये शाहजहान इथेच वारला. शेवटपर्यंत मुलगी जहांआरा सोबत होती. आत सोडत नाहीत, पण जाळीतून बुरूज नीट दिसतो. गर्दीचा एक लोंढा गेला आणि दुसरा यायचा असतो, तेवढ्या दोन मिनिटांत तिथे उभं राहायला मिळालं तर भाग्य समजा.

दिवाण-ए-खास, दिवाण-ए-आम आणि महाराज

बुरुजाच्या पुढे मोठी गच्ची लागते. तिथे काळ्या दगडाचं सिंहासन आहे. शहजादा सलीमने, म्हणजे पुढच्या जहांगिराने, बापाविरुद्ध बंड करून अलाहाबादला राहिला असताना १६०२ मध्ये ते घडवलं. त्याला तडा का गेला याच्या तीन-चार गोष्टी ऐकायला मिळतील. ऐका आणि सोडून द्या. गच्चीच्या कडेला दिवाण-ए-खास आहे.

इथे मराठी माणसाचे पाय जड होतात. १२ मे १६६६, औरंगजेबाचा चांद्रमासांनी मोजलेला पन्नासावा वाढदिवस. शाहजहानला जाऊन चार महिनेही झाले नव्हते. मिर्झाराजा जयसिंगाचा मुलगा रामसिंग महाराजांना दरबारात घेऊन आला, सोबत नऊ वर्षांचे संभाजीराजे. ते पोचेपर्यंत बादशहा दिवाण-ए-आम सोडून दिवाण-ए-खासमध्ये गेला होता. अंबरच्या, म्हणजे जयसिंगाच्या राज्यातल्या, सेवकांनी त्याच दिवसांत राजस्थानीत लिहिलेल्या पत्रांवरून प्रसंग असा दिसतो. पाचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केल्यावर महाराजांनी भर दरबारात संताप व्यक्त केला आणि पाठ फिरवून ते बाजूला झाले. हे सगळं त्या पत्रांत आहे. त्या खांबांमध्ये उभं राहून हे आठवताना अंगावर काटा येतो, आणि यावा.

पण एक काळजी घ्या. किल्ल्यातली एखादी अंधारी खोली दाखवून ‘शिवाजी महाराजांना इथे कोंडलं होतं’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. महाराज किल्ल्यात कैद नव्हते. बाहेर, रामसिंगाच्या तळाजवळच्या मुक्कामी त्यांच्याभोवती फौलादखानाचा पहारा बसवला होता, आणि तिथूनच १७ ऑगस्टला ते निसटले. महाराजांचा अश्वारूढ पुतळा अमरसिंह दरवाजासमोर आहे, आत जाण्याआधी किंवा आल्यावर तिथे जरूर थांबा.

मराठ्यांचं या किल्ल्याशी नातं तिथे संपत नाही, आणि हे आपल्यातल्याही पुष्कळांना माहीत नसतं. १७६१ मध्ये भरतपूरच्या सूरजमल जाटाने किल्ला घेतला. १७८५ मध्ये तो महादजी शिंद्यांकडे आला. मोगल सरदार इस्माइल बेगने वेढा घातला तेव्हा शिंद्यांचे सरदार लखबादादा यांनी तो टिकवून धरला. १८०३ मध्ये इंग्रजांनी जिंकेपर्यंत तो शिंद्यांचाच होता. सुटका झाली त्या शहरातला किल्ला पुढे अठरा वर्षं मराठ्यांच्या ताब्यात होता, हे दिवाण-ए-आमच्या मोकळ्या अंगणात उभं राहून मनात आणा.

दिवाण-ए-आमचं दालन लांबून संगमरवरी वाटतं, पण तो लाल दगड आहे, वर शिंपल्याच्या चुन्याचा गुळगुळीत गिलावा. एका टोकाला तिरकस उभं राहा, महिरपींच्या रांगा एकात एक जातात. पाकळ्या-पाकळ्यांची ही महिरप शाहजहानच्या काळात रूढ झाली. मग मनातल्या मनात पुण्याच्या विश्रामबागवाड्यात जा. दिवाणखान्यातले सुरूदार खांब, त्यावरच्या लाकडी महिरपी, खांबांवरची केळफुलं. तीच महिरप दक्षिणेत आली, सागवानात शिरली आणि मराठी झाली. ‘दिवाणखाना’ हा शब्दही तिच्याबरोबरच घरात आला. हौद, खंदक, बुरूज, दरबार, नजराणा, फडणवीस, सगळे फारसी-अरबीतून आलेले. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन राज्यकारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, ते त्या काळी गरजेचं होतं. तरीही काही शब्द इतके मुरले होते की ते राहिले, आणि आज आपण त्यांना परके समजतही नाही.

अंगणातच एक इंग्रजी थडगं आहे, वायव्य प्रांतांचा लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्व्हिन याचं. १८५७ मध्ये युरोपीय लोक या किल्ल्यात आश्रयाला होते, त्याच सप्टेंबरमध्ये तो इथे वारला. बादशहाच्या बैठकीसमोर ते थडगं विजोड दिसतं खरं, पण किल्ल्याच्या गोष्टीत तोही एक पान आहे.

आणखी एक वस्तू विचारून बघा, गझनीचा दरवाजा. १८४२ मध्ये इंग्रजांचा गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याने हा महमूदाने नेलेला सोमनाथचा दरवाजा आहे असा गाजावाजा करत अफगाणिस्तानातून आणवला. प्रत्यक्षात लाकूड चंदनाचं नव्हे, देवदाराचं निघालं, नक्षी तिकडची भौमितिक, आणि लेख अरबी. सोमनाथशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हापासून तो बिचारा आग्र्यात पडून आहे. वारशाच्या नावाखाली जे सांगितलं जातं ते एकदा हात लावून तपासावं, हे मी त्या दारासमोर शिकलो.

बाहेर पडल्यावर

जेवून विश्रांती घ्या आणि संध्याकाळी वेळ असेल तर शहरातल्या रोमन कॅथलिक दफनभूमीत जा. तिथे लाल दगडाचा एक छोटा ताजमहाल आहे, जॉन हेसिंगचं थडगं. हा डच माणूस शिंद्यांच्या चाकरीत होता, आग्र्याच्या किल्ल्याचा अधिकारी, १८०३ मध्ये इंग्रज येण्याआधी काही महिने वारला. त्याच्या बायकोने ते बांधवून घेतलं. तिथे फारसं कुणी फिरकत नाही.

घरी परतलात की एक काम करा. लाहोरचा किल्ला बघायला जाणं आज आपल्यापैकी बहुतेकांना शक्य नाही. १७५८ च्या एप्रिलमध्ये राघोबादादांच्या फौजा तिथे पोचल्या होत्या, आपल्याला मात्र फोटोवर भागवावं लागतं. तर लाहोर किल्ल्यातल्या जहांगिराच्या चौकाचा फोटो शोधा आणि आग्र्याच्या जहांगिरी महालात तुम्ही काढलेला फोटो त्याच्याशेजारी ठेवा. तांबड्या दगडाचे तेच हस्त, त्यांवर हत्ती, मोर. मग तिथल्या नौलखा मंडपाचं वाकलेलं संगमरवरी छप्पर बघा, आणि बाहेरच्या प्रचंड चित्रभिंतीवरच्या निळ्या-पिवळ्या फरशा. अमरसिंह दरवाजावर त्यांचे तुकडे पाहिले असतील तर रंग ओळखू येतील. ढाक्याच्या लालबाग किल्ल्याचाही एक फोटो काढून ठेवा. औरंगजेबाचा मुलगा आझम याने १६७८ मध्ये तो सुरू केला आणि तो अर्धाच राहिला.

आमच्या घरात हे तिन्ही फोटो एका चौकटीत लावलेत. येणारा प्रत्येक पाहुणा आधी विचारतो, यातलं आग्रा कुठलं?